गोगलगाईची दुसरी चप्पल

मूल झोपवणं ही काही नोकरी नव्हे, असं कुणीही म्हणेल. बाईंची मात्र तीच नोकरी होती. कागदोपत्री हुद्दा भारदस्त होता, मेंदूचा आलेख काढणाऱ्या तंत्रज्ञ. पण आलेख काय, मशीन काढतं. बाईंची खरी कसोटी होती ती रडून लाल झालेलं, डोक्याला एकवीस तारा चिकटवलेलं, परक्या पलंगावरचं पोर दहा मिनिटांत झोपवण्याची. फिट येणाऱ्या मुलांच्या मेंदूत चाललेलं बरंच काही झोपेतच सापडतं. म्हणून आदल्या रात्री मुलाला जागवायचं आणि सकाळी दवाखान्यात आणून झोपवायचं, असा तो उफराटा कारभार. पुष्कळदा आईबापच आधी घोरू लागत आणि मूल टक्क जागं.

खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या मागं. खिडकीला जाड निळा पडदा, एक पलंग, मशीन, बेसिन आणि कोपऱ्यात एक खुर्ची. भिंतीवर कुणा उत्साही माणसानं कागदी जिराफ चिकटवला होता. ओलीनं त्याची मान सुटून पुढं लोंबायची, त्यामुळं तो बिचारा वर्षानुवर्षं काहीतरी हरवलेलं शोधतोय असं वाटे. बाई आधी फितीनं डोकं मापायच्या, लाल पेन्सिलीनं खुणा करायच्या. मुलं विचारायची, "चित्र काढताय?" बाई म्हणायच्या, "हो." मग खुणेखुणेवर पेस्टचा ठिपका, त्यात तार, वर कापसाचा बोळा. डोळे उघड, डोळे मीट, भिरभिऱ्यावर फुंकर मार. आणि शेवटी गोष्ट.

गोष्ट एकच होती, सव्वीस वर्षं तीच. गोगलगाय बाजाराला निघाली. तिनं एका पायात चप्पल घातली. मग दुसऱ्या पायात चप्पल घातली. मग छत्री घेतली. मग पिशवी घेतली. मग दाराला कुलूप लावलं. मग कुलूप ओढून पाहिलं. मग आठवलं, यादी आतच राहिली. मग कुलूप काढलं. हे सगळं इतक्या संथ आवाजात की ऐकणाऱ्या शिपायालाही जांभई यायची. गोगलगाय शेवटी बाजारात पोचली की नाही, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. तिथवर जागं राहिलेलं पोर त्यांना भेटलंच नव्हतं.

शिपाई त्यांना गोगलगायबाई म्हणायचा आणि वर ठेवणीतलं वाक्य टाकायचा, "गोगलगाय अन् पोटात पाय." ते खोटं नव्हतं. बाईंच्या पोटात फार काही असायचं. आलेख सरकताना त्यांना सगळं दिसायचं, पण सांगायचा अधिकार नव्हता. खुर्चीतली आई विचारायची, "काय दिसतंय हो?" बाई म्हणायच्या, "डॉक्टर सांगतील." बाप नुसताच त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचा. बाई म्हणायच्या, "डॉक्टर सांगतील."

हे वाक्य त्यांनी एकदाच मोडलं होतं, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. एक मूल रडारडीत गोष्ट सुरूच करू देईना, आणि झोपेना. जागेपणीचा आलेख स्वच्छ होता आणि त्याची आई रडून रडून अर्धी झाली होती. बाईंना राहवलं नाही. "छान आहे हो, काळजी करू नका," असं त्या म्हणून गेल्या. ती आई झोपेतल्या तपासणीसाठी पुन्हा आलीच नाही. छान आहे म्हटल्यावर कशाला येईल? आठ महिन्यांनी आली ती मुलाला कडेवर घेऊन. पूर्वी ते मूल स्वतःच्या पायांनी आलं होतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही छान म्हणाला होतात."

त्या दिवसापासून बाई तोंडात पेपरमिंटची गोळी ठेवू लागल्या. तोंड रिकामं असलं की जीभ घसरते, हा त्यांचा हिशेब. गोळी डाव्या गालात. आलेखात वाईट काही उमटलं की ती आपोआप उजव्या गालात जायची. हे बाईंना स्वतःला माहीत नव्हतं. शिपायाला माहीत होतं, आणि त्यांच्या लेकीला. लेक लहानपणी शाळा सुटली की त्याच कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून अभ्यास करायची, आणि अभ्यास सोडून बाकी सगळं बघायची.

लेक पुढं चष्म्याच्या दुकानात लागली, काचा बसवणाऱ्या एका सरळ माणसाशी तिनं लग्न केलं, आणि तिला झाली मुलगी. त्या मुलीचं घरातलं नाव वकील. बोलू लागली तेव्हापासून तिनं कुणाचं एक वाक्य सरळ जाऊ दिलं नाही. "पाच मिनिटांत येते" म्हणून गेलेल्या आईला ती दारातच अडवायची, "ही पाच नव्हती." आजीच्या गोष्टीत तर तिचा दर दुपारी खटला. आजी दमलेली असली आणि एखादी पायरी गाळली, की वकील उठून बसायची. "दुसरी चप्पल राहिली. एका चपलेनं कुणी बाजारात जातं का?" साऱ्या दवाखान्याला झोपवणाऱ्या बाई, पण घरच्या वकिलापुढं हात टेकायच्या. सकाळचं काम उरकून घरी आल्यावरची ती दुपार बाईंना दुसऱ्या दुपारपर्यंत पुरायची.

साडेपाच वर्षांची झाली आणि वकील "काय?" म्हणू लागली. सारखं "काय?" हाक मारली तर ओ देईना. कामाचं सांगितलं तर भलतंच करी. सगळ्यांनी आपापली अक्कल पाजळली. शेजारीण म्हणाली, लाडानं बिघडली. जावयानं तिच्या पाठीमागं ताट आपटून पाहिलं, ती दचकून वळली. कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. बाई म्हणाल्या, "लबाड आहे, ऐकून न ऐकल्यासारखं करते." एकदा टॉवेल आण म्हटलं तर तिनं चमचा आणला, आणि बाईंनी तिला चापट मारली. मुलगी रडली नाही. आजीच्या ओठांकडे बघत राहिली, जणू चूक तिथं कुठंतरी लिहिलेली आहे. ती चापट बाईंच्या हाताला पुढं कायमची चिकटली.

एका दुपारी गोष्ट सांगताना बाईंची पायरी चुकली. एका पायात चप्पल, आणि एकदम छत्री. त्या थांबल्या, खटल्याची वाट बघत. खटला आला नाही. मग त्यांनी मुद्दाम सांगितलं, "मग गोगलगाईनं पलंग उचलून डोक्यावर घेतला." वकील त्यांच्या ओठांकडे बघून गोड हसली. सव्वीस वर्षांत त्यांच्या खोलीत अशी चारपाच मुलं आली होती. कान धड, जीभ धड, झटका क्वचितच कुणी पाहिलेला, आणि तरी आधी दुसऱ्याचं बोलणं कळेनासं झालेलं आणि मग स्वतःचं आटत गेलेलं. परक्यांच्या पोरांत त्यांनी ते पहिल्या दिवशी ओळखलं असतं. आपल्या पोराला चार महिने लबाड म्हणत बसल्या.

तपासणी दुसऱ्या कुणी करावी, असं दवाखान्यातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण मुलगी दुसऱ्या कुणाला डोक्याला हात लावू देईना. शेवटी बाईंनीच नातीचं डोकं मापलं, लाल खुणा केल्या, एकवीस तारा चिकटवल्या. लेक कोपऱ्यातल्या त्याच खुर्चीत बसली. जागेपणीचा आलेख फारसा वाईट नव्हता. मग बाईंनी गोष्ट सुरू केली, आणि पहिल्यांदाच त्यांना वाटलं की ही जागी राहावी. पण त्यांचा आवाज त्यांचं ऐकेना. तो सवयीनं संथ होत गेला. कुलूप ओढून पाहायच्या आतच मुलगी झोपली.

ती झोपली आणि आलेख पेटला. प्रत्येक ओळीवर टोकदार उसळ्या, एकामागून एक, पानामागून पान, श्वास घ्यायला जागा नाही. सुंदर अक्षरात लिहिलेल्या वहीवर कुणी बसून एकसारखी खाडाखोड करत जावं तसं ते दिसत होतं. आणि खाली नात शांत झोपलेली, ओठ किंचित उघडे. घरी ती अशी झोपली की सगळे म्हणायचे, चला, आता जरा बरं.

"आई," लेक खुर्चीतून म्हणाली, "गोळी उजवीकडे गेली."

बाईंनी गालाला हात लावला.

"डॉक्टर सांगतील," त्या म्हणाल्या.

"मी तुझी मुलगी आहे."

"माहीत आहे. डॉक्टर सांगतील."

डॉक्टरीणबाई वयानं लेकीएवढ्याच होत्या. त्यांनी दार लावून घेतलं, फोन बंद केला, आणि संगणकावर दोन चित्रं काढली, एक धडधाकट मुलाच्या मेंदूचं, एक नातीच्या. मेंदूच्या आकारात ठिपके, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा. "ठिपका म्हणजे एक जागा. रेषा म्हणजे त्या दोन जागा एकमेकींशी किती बोलतात ते," त्या म्हणाल्या. "ऐकू आलेला शब्द एका जागेत पोचतो, त्याचा अर्थ दुसरीकडे लागतो, उत्तर तिसरीकडे तयार होतं. मूल दिवसभर शिकतं आणि झोपेत मेंदू या जोडण्या पक्क्या करतो. नको त्या काढून टाकतो. हिच्या झोपेत त्या कामाला उसंतच मिळत नाहीये. काही जोडण्या सैल पडल्यात, काही नको तिथं घट्ट झाल्यात. अशा बऱ्याच मुलांची चित्रं आम्ही जमवतोय. पण खरं सांगते, आम्हाला अजून पुष्कळ कळलेलं नाही."

जावयानं टोपी हातात चुरगाळली होती. "तडा गेलेली काच सांधत नाही," तो म्हणाला. "बदलावी लागते."

"ही काच नाही. वाढता मेंदू आहे, तो नव्या जोडण्या करतो. पण कुठल्या करील, किती करील, हे आपल्या हातात नाही. झोपेतला हा दंगा थांबवायचा, तेवढं आपल्या हातात आहे. तोही थांबेलच असं नाही."

औषधं सुरू झाली. मुलीचं तोंड सुजून वाटोळं झालं, तिला सारखी भूक लागे, भिंतीवर डोकं टेकून ती चिडचिड करी. बोलणं आटतच होतं. आधी वाक्यं गेली, मग लहान शब्द. वकिलाचा "पण" गेला, तेव्हा घर भयंकर शांत झालं. चुकीचं बोललं तरी कुणी अडवणारं नाही. पूर्वी ज्या शांततेसाठी सगळे तळमळायचे ती आता फुकट मिळत होती आणि कुणाला नको होती.

याच दिवसांत बाईंनी एक वेडेपणा केला. त्यांच्यासारख्या शहाण्या बाईनं करावा असा नव्हे, पण त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलाही नसता. झोपेत दंगा होतो ना, मग झोपच कमी करू. लेक दुकानात गेली की त्या नातीला दुपारी जागवू लागल्या. डोळे मिटले की गार पाणी, गॅलरीत फेऱ्या, टाळ्या, ठोकळे. सव्वीस वर्षं ज्या हातांनी पोरं थोपटली त्याच हातांनी त्या झोपेला आलेल्या पोराला हलवत होत्या. तिसऱ्या दिवशी लेक लवकर घरी आली. मुलगी उभ्या उभ्या पेंगत होती आणि आजी तिच्यापुढं टाळ्या वाजवत होती.

"काय चाललंय हे?"

"जागी असली की शब्द पुसले जात नाहीत," बाई म्हणाल्या.

"आई, कमी झोपेनं हे वाढतं. हे तूच लोकांना सांगतेस."

"हो," बाई म्हणाल्या आणि टाळ्या वाजवायच्या थांबल्या. त्यांना ते पाठ होतं. तपासणीच्या आधी मुलांना जागवतात ते त्यासाठीच. लेकीनं मुलीला उचलून पलंगावर ठेवलं, आणि ती टेकल्या टेकल्या झोपली. दोघी जणी तिच्याकडे बघत बसल्या. आत काय चाललं असेल ते दोघींना माहीत होतं. करण्यासारखं काही नव्हतं. लेकीनं नुसतं पांघरूण सारखं केलं, तेही सारखंच होतं.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. गोष्ट सांगताना बाईंनी पुन्हा दुसरी चप्पल गाळली. आता ते रोजचंच झालं होतं; रोज दुपारी त्या तिथं चूक करायच्या, थांबायच्या, आणि नात ओठांकडे बघत राहायची. मुलगी झोपली. आलेख शांत राहिला. अधूनमधून एखादी उसळी, मग पुन्हा शांत. पानामागून पान झोपेच्या साध्या, मोठ्या, आळशी लाटा.

"गोळी हलली नाही," लेक म्हणाली आणि तोंडावर ओढणी दाबून रडू लागली. शिपायालाही कळलं, तो बाहेर जाऊन चहा घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी आलेख दोनदा पाहिला आणि हसल्या. घर गेल्या वर्षभरात इतकं आनंदात नव्हतं.

व्हरांड्यात लेकीनं विचारलं, "आता बोलेल ना ती? आई, तू सांग. तुझ्या पोटात काय आहे ते सांग."

बाईंच्या पोटात या वेळी काहीच नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आलेख चांगला आहे. बोलण्याचं मला सांगता येत नाही." जन्मभर बाई म्हणत आल्या होत्या की डॉक्टर सांगतील, आणि डॉक्टरही सांगू शकत नाहीत असं काही असतं हे त्यांना त्या व्हरांड्यात कळलं.

पुढच्या चार महिन्यांत वकिलाकडे सात शब्द परत आले. आई, पाणी, नाही, दे, बाबा, दार, आणि एक असा शब्द जो कुणालाच कळला नाही. "पण" आला नाही. बोलणं शिकवणाऱ्या एक बाई घरी यायच्या, चित्रं दाखवायच्या, हाताच्या खुणा शिकवायच्या. आजीनं दुपारची चूक सोडली नाही. एका पायात चप्पल, आणि छत्री. थांबायचं. आणि पुढं जायचं.

अशात एका सकाळी खोलीत साडेचार वर्षांची एक परकी मुलगी आली. तिची आई रात्रभर जागलेली, दोन पायांत दोन वेगळे मोजे. बाईंनी डोकं मापलं, खुणा केल्या, तारा लावल्या. भिरभिरं झालं. त्यांनी दिवा मंद केला आणि थोपटायला सुरुवात केली.

"गोगलगाय बाजाराला निघाली. तिनं एका पायात चप्पल घातली. मग छत्री घेतली."

दहा महिने घरी तसंच सांगून जिभेला तेच वळण पडलं होतं. त्यांच्या लक्षातही आलं नाही. सवयीनं त्या थांबल्या मात्र.

"एकच?" मुलीचे डोळे अर्धे मिटले होते. "पण दुसरी चप्पल?"

बाईंचा हात थोपटता थोपटता राहिला. गोळी कुठल्या कुठं गेली, आणि डोळ्यांतून पाणी गालावर आलं ते त्यांना आवरेना. सव्वीस वर्षांत त्या खोलीत त्या कधी रडल्या नव्हत्या.

खुर्चीतली आई ताडकन उठली. "काय दिसलं? काय आहे तिच्या डोक्यात?"

"काही नाही हो, छान बोलते," हे शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आले. बोलतेच की, केवढं बोलते. मग त्यांना कडेवरचं ते जुनं मूल आठवलं. अजून ही झोपलेली नव्हती, आणि झोपेपर्यंत कुणालाच काही माहीत नव्हतं.

"आलेखाचं डॉक्टर सांगतील," त्या म्हणाल्या. "हे माझं घरचं रडू आहे. तुम्ही बसा, बाई."

आई बसली, पण खुर्चीच्या कडेवर.

"राहिलीच की गं," बाई मुलीला म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंस." गोगलगाय परत फिरली. छत्री खाली ठेवली. पलंगाखाली वाकून पाहिलं, दाराआड पाहिलं. मग तिला दुसरी चप्पल सापडली. मग ती तिनं घातली. मुलीनं समाधानानं मोठा श्वास सोडला, कूस बदलली, आणि झोपली.

बाईंनी डोळे पुसले, नवी गोळी डाव्या गालात ठेवली, आणि मान वळवून आलेखाकडे पाहिलं.